घर पाहायला कोणाला बोलवावे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : ग्रामीण भागातील घरांची तपासणी आणि त्यासाठी योग्य तज्ज्ञाची निवड

दर पावसाळ्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर भिंत पडल्याच्या बातम्या येतात. झड लागते, रात्री मातीची भिंत बसते, कोणी जखमी होते, कोणी दगावते, दुसऱ्या दिवशी तलाठी येऊन पंचनामा करतात आणि मदतीचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. अशी बातमी वाचली की माझ्या मनात येते, ही भिंत पडण्याआधी कोणाला दाखवली होती का, आणि दाखवली असेल तर कोणाला? माझा अनुभव असा आहे, की बहुतेक वेळा ती दाखवलेली असते. घराला भेग पडली की घरधनी स्वस्थ बसत नाही, तो कोणाला तरी बोलावतोच. चूक होते ती कोणाला बोलवावे हे ठरवताना. आमच्या घरी ती चूक सलग चार वेळा झाली आणि तिच्यापायी सव्वा वर्ष वाया गेले, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. येथे काळी माती खोलवर जाते आणि बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. वैशाखात वावरात पडलेल्या भेगेत अर्धी काठी सहज उतरते. पण जी माती वावरात आहे तीच घराखालीही आहे, हे घर बांधताना आणि त्याहून अधिक घर दुरुस्त करताना आपण विसरतो. घराच्या मध्यभागी जमीन झाकलेली असल्यामुळे मातीतली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. बाहेरच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात सुकून खाली जाते आणि मृगाचा पाऊस लागला की पुन्हा वर उचलते. कडा हलतात, मधला भाग जागेवर राहतो, आणि या ओढाताणीत भिंत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चिरते. काळ्या मातीची ही हालचाल साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाऊ शकते. आमच्या भागातल्या घरांचे पाये तीन-चार फुटांवरच थांबलेले असतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब) विकसित केले, ते इमारतीचा भार या हलत्या थराच्या खाली नेता यावा म्हणूनच. गावात एवढा खर्च करून कोणी घर बांधत नाही, आणि सगळ्यांनी बांधावे असे माझे म्हणणेही नाही. पण घर पाहायला येणाऱ्या माणसाला ही जमीन ठाऊक असली पाहिजे, एवढे मात्र माझे ठाम म्हणणे आहे.

आमचे घर दोन काळांत बांधलेले आहे. मागचा भाग आजोबांच्या वेळचा. त्याच्या मातीच्या भिंती दीड हात रुंद आहेत, मयाली (छताच्या तुळया) सागवानी आहेत आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे, म्हणजे सपाट छत आहे. पुढच्या दोन खोल्या आणि ओसरी २००८ साली विटांच्या भिंती व स्लॅब घालून बांधली. २०२३ च्या उन्हाळ्यात पुढच्या खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात खिडकीपासून छतापर्यंत भेग गेली. ती खाली केसाएवढी आणि वर रुंद होत गेलेली होती. वरच्या टोकाला रुपयाचे नाणे उभे सरकत होते. त्याच महिन्यात स्लॅबखालचे प्लास्टर ताटाएवढे सुटून पलंगाच्या उशाकडे पडले. त्या पलंगावर आई दुपारी आडवी होते. त्या दिवशी ती माजघरात डाळ निवडत बसली होती.

पहिल्यांदा बोलावले ते मिस्त्रींना. ते अनुभवी आहेत, आमच्या गावातली निम्मी घरे त्यांच्या हातची आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आजही आदर आहे. त्यांनी भेग पाहिली आणि म्हणाले, "काई नाई होत भाऊ, खरवडून सिमेट भरून देतो." भरून दिले. भाद्रपदात त्या भरलेल्या भेगेच्या वीतभर बाजूला दुसरी भेग उमटली. नंतर आलेल्या ठेकेदारांनी घरात पाऊल टाकताच सांगितले की हे सगळे पाडावे लागेल, मागचा मातीचा भाग तर आधी, आणि ओसरीत बसल्या बसल्या वहीच्या पानावर अकरा लाखांचा अंदाज मांडला. ती रक्कम ऐकून आम्ही कर्जाच्या खटपटीला लागलो, तेव्हा बँकेकडून मूल्यांकन करणारे गृहस्थ आले. त्यांनी टेप लावून मापे घेतली, चारी बाजूंनी छायाचित्रे काढली आणि वीस मिनिटांत गेले. त्यांच्या अहवालात घराची किंमत आली, आणि कितीतरी दिवस मी अशा समजुतीत होतो की किंमत लिहिली आहे त्या अर्थी घर मजबूत आहे. शेवटी तालुक्याच्या ठिकाणी नकाशे काढून देणाऱ्या एका कार्यालयात गेलो. तेथे मला सांगण्यात आले की येण्याची गरज नाही, मोबाइलवर फोटो पाठवा. फोटो पाठवले, पंधराशे रुपये दिले आणि तिसऱ्या दिवशी "इमारत सुस्थितीत व राहण्यास योग्य" असे शिक्क्याचे पत्र हाती आले. ते पत्र लिहिणाऱ्याने आमची भिंत कधीही पाहिलेली नाही. त्या पत्राच्या भरवशावर आई आणखी काही महिने त्याच स्लॅबखाली झोपली, ही गोष्ट आठवली की मला स्वतःचा आणि त्या शिक्क्याचा दोन्हींचा राग येतो.

या चौघांपैकी पहिल्या तिघांनी आपापले काम केले, हे मी मान्य करतो. मिस्त्रींना बांधता येते. बांधलेले का हलते आहे हे शोधणे ही वेगळी विद्या आहे. ठेकेदाराचा चरितार्थ नव्या बांधकामावर चालतो, त्यामुळे "पाडा" हा सल्ला त्याच्या तोंडून प्रामाणिकपणे आला तरी तो ऐकणाऱ्याने तपासूनच घ्यावा. मूल्यांकन करणाऱ्याचे काम बाजारभाव सांगण्याचे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली नोंदणीकृत मूल्यांकक असतात, त्यांची परीक्षा आणि नोंदणी मालमत्तेची किंमत ठरवण्यासाठी असते. सळई गंजली आहे का, पाया खचतो आहे का, हे शोधून काढणे त्यात येत नाही. चौथ्याच्या पत्राबद्दल वर लिहिलेच आहे.

गोंधळ पाट्यांवरील शब्दांमुळेही होतो. "आर्किटेक्ट" हे नाव १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने राखीव आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही ते नावापुढे लावता येत नाही, आणि नोंदणी क्रमांक विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र आर्किटेक्टचे मुख्य शिक्षण घराच्या रचनेचे, वापराचे व नकाशाचे असते. "इंजिनिअर" या शब्दाला आपल्या देशात असे कायद्याचे कुंपण नाही. डॉक्टर आणि वकील यांच्यासाठी आहे तसा अभियंत्यांच्या नोंदणीचा केंद्रीय कायदा नसल्यामुळे पदविका घेतलेला, पदवी घेतलेला आणि काहीही न घेतलेला असे तिघेही एकसारखी पाटी लावून बसू शकतात. म्हणून पाटीवर न थांबता पुढचे विचारावे लागते. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे आहे का? त्यापुढे स्ट्रक्चरल अभियांत्रिकीत, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या शास्त्रात, पदव्युत्तर शिक्षण आहे का? एखाद्या महानगरपालिकेचा किंवा नगरपरिषदेचा स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून परवाना आहे का? १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेचे "चार्टर्ड इंजिनिअर" हे पद असेल तर तीही एक चांगली खूण आहे, पण त्या पदाची व्यक्ती स्थापत्य शाखेचीच आहे ना, हे पाहावे. यंत्र किंवा वीज शाखेच्या अभियंत्यालाही ते पद मिळते.

नात्यातला एक मुलगा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होता. त्याच्या प्राध्यापकांनी सुचवलेल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना मी २०२४ च्या एप्रिलमध्ये फोन केला. त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. भेग कोणत्या महिन्यात दिसली, पावसाळ्यात ती मिटते का, घराजवळ झाड कोणते आणि किती अंतरावर आहे, न्हाणीचे पाणी कोठे जाते, बांधकामाला पाणी कोणते वापरले होते? वर्षभरात चार जणांपैकी एकानेही मला हे विचारले नव्हते. मग मी विचारले की दुरुस्तीचे काम आपण घेता का. ते म्हणाले, "मी काम घेत नाही आणि ठेकेदारही सुचवत नाही. मी फक्त पाहून लिहून देतो." दोन भेटी, प्रवास आणि लेखी अहवाल मिळून नऊ हजार रुपये, प्रयोगशाळेचे शुल्क वेगळे, हेही त्यांनी फोनवरच सांगितले. दोन भेटी कशासाठी, असे मी विचारले तेव्हा मिळालेले उत्तर काळ्या मातीत राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे: जमीन पूर्ण वाळलेली असताना एकदा आणि पूर्ण भिजल्यावर एकदा पाहिल्याशिवाय या घराविषयी मला सही करता येणार नाही.

ते मे महिन्यात आले तेव्हा सकाळी आठ ते दुपारी दीडपर्यंत घरात होते. पहिला तास त्यांनी घराभोवती फिरण्यात घालवला. प्रत्येक भिंतीचे चित्र कागदावर काढून त्यावर भेगा जशा आहेत तशा उतरवल्या आणि प्रत्येकीची रुंदी छोट्या मोजपट्टीने मोजून तारीख टाकली. ईशान्य कोपऱ्याशी आमच्या गड्याकडून पायाच्या तळापर्यंत खड्डा खणून घेतला. पाया सव्वातीन फुटांवर संपत होता आणि त्याखाली निव्वळ काळी माती होती. त्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेला. शेतीचे माती परीक्षण वेगळे आणि हे वेगळे. कृषी खात्याच्या आरोग्य पत्रिकेवरून नत्र, स्फुरद, पालाश कळते, फुगवट्याचे काही कळत नाही. या चाचणीत वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग काचेच्या दोन मोजनळ्यांत घालतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरतात आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही नळ्यांतल्या मातीच्या उंचीतला फरक म्हणजे आपल्या जमिनीचा स्वभाव. इतकी साधी चाचणी घर बांधण्याआधी केली असती तर, असे मला फार वाटले.

भेगांवर त्यांनी काचेच्या अरुंद पट्ट्या आडव्या ठेवून दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली. काच तडकली तर भेग जिवंत आहे, शाबूत राहिली तर ती जुनी आणि शांत झालेली आहे. अशा पाच पट्ट्या लावल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ईशान्य कोपऱ्यातल्या दोन्ही पट्ट्या तडकल्या. मधल्या भिंतीवरची एक आणि मातीच्या जुन्या भागातल्या दोन्ही जशाच्या तशा राहिल्या. जो भाग आधी पाडायला सांगितला होता तो स्थिर होता, आणि आम्ही ज्याला पक्के म्हणत होतो ते हलत होते.

स्लॅबच्या बाबतीत त्यांनी जे केले त्यावरून तपासणारा कसा असावा हे मला कळले. सुटलेल्या प्लास्टरखाली सळई गंजून फुगली होती. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून पाडतो. त्यांनी ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाचे थेंब टाकले. काँक्रीटचा क्षार शाबूत असेल तर ते गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपला असेल तर रंग येत नाही आणि सळईचे संरक्षण गेले असे समजतात. आमच्या स्लॅबवर सळईपर्यंत लख्ख गुलाबी रंग आला. म्हणजे काँक्रीट ठीक, मग सळई का गंजली? एखाद्याने गुलाबी रंग पाहून "स्लॅब चांगला आहे" असे लिहून दिले असते. त्यांनी तेथे न थांबता काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइडसाठी, म्हणजे मिठाच्या अंशासाठी, तपासायला पाठवली, आणि ते प्रमाण जास्त निघाले. २००८ साली स्लॅब आमच्याच बोअरच्या पाण्यात कालवला होता. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४५६ या संहितेनुसार सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. सळई नसलेल्या काँक्रीटसाठी हीच मर्यादा २००० आहे, यावरून मीठ सळईचे किती वैरी आहे ते लक्षात यावे. खारपाणपट्ट्यात आज शेकडो घरकुले उभी राहत आहेत. ती बांधणाऱ्या माझ्या बांधवांना मी हात जोडून सांगतो, की टँकरचा खर्च परवडत नसेल तर पावसाळ्यात साठवलेले पाणी वापरा, पण स्लॅब आणि कॉलम खाऱ्या पाण्यात कालवू नका.

त्यांच्याकडे काँक्रीटवर ठोकून पाहण्याची स्प्रिंगची हातोडीही होती. तिच्याबद्दल मात्र त्यांनी बजावले, की ती पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवते, आतल्या सळईबद्दल काही सांगत नाही. केवळ हातोडीचे आकडे लिहून प्रमाणपत्र देणारा कोणी भेटला तर हे आठवावे.

मातीच्या भागात त्यांनी मयालींची भिंतीत शिरलेली टोके पेचकसाने टोचून पाहिली. दोन टोकांना उधळी लागली होती, पेचकस चार बोटे आत गेला. बाकीचे लाकूड ठणठणीत होते. मग शिडी लावून धाब्यावर चढले आणि एका कोपऱ्यात मातीचा थर खणून मोजला. तो सव्वा फूट भरला. धाबे गळू नये म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात गढीची पांढरी माती वर टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आधीची माती कोणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट ओली माती म्हणजे सुमारे पाच टन ओझे, हा हिशेब त्यांनी मला जमिनीवर बोटाने मांडून दाखवला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड छत यांनी काय होते हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला पाहिले आहे. विदर्भाचा बहुतेक भाग भूकंपाच्या दृष्टीने कमी धोक्याचा मानला जातो हे खरे, पण या ओझ्याला खाली यायला भूकंपच लागतो असे नाही. एक कुजलेली मयाल आणि एक आठवड्याची झड पुरते.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. मातीचे घर म्हणजे धोक्याचे घर, असे सरसकट सांगणारा माणूस मातीच्या घराची तपासणी करायला योग्य नाही. सेवाग्रामला गांधीजींचे निवास मातीचे, बांबूचे आणि कवेलूंचे आहेत. १९३० च्या दशकात बांधलेल्या त्या कुट्या आजही उभ्या आहेत, कारण दर पावसाळ्याआधी त्यांच्याकडे कोणीतरी नीट पाहते, कवेलू फेरते, भिंत लिंपते. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या बांधकामावर वर्षानुवर्षे काम केले आहे. मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात यासाठी भारतीय मानक ब्यूरोची स्वतंत्र मार्गदर्शक संहिताही आहे, आयएस १३८२७. घर पाहायला येणाऱ्या अभियंत्याला विचारावे, की मातीच्या किंवा धाब्याच्या घराचे काम आपण आधी कधी केले आहे का. केले नसेल तर तो स्लॅबच्या इमारतींत कितीही निष्णात असला तरी आपल्या माजघराबद्दल त्याचे मत अंदाजच असेल.

ऑक्टोबरमध्ये ते दुसऱ्यांदा आले आणि दिवाळीच्या सुमारास अकरा पानांचा अहवाल मिळाला. प्रत्येक पानावर त्यांची सही आहे. डोळ्यांनी काय पाहिले, चाचणीने काय कळले आणि फोडून पाहिल्याशिवाय काय सांगता येणार नाही, हे तीन भाग त्यात वेगळे ठेवलेले आहेत. कारण असे निघाले, की ईशान्य कोपऱ्यापासून नऊ फुटांवरचा कडुनिंब त्या बाजूची माती शोषून कोरडी करतो आणि दुसऱ्या बाजूला न्हाणीचा शोषखड्डा भिंतीपासून चारच फुटांवर असल्याने तेथली माती बारमाही ओली राहते. घराचे एक टोक खाली जाते, दुसरे वर येते. कडुनिंब तोडून टाकतो, असे मी म्हणालो तेव्हा त्यांनी थांबवले: इतके जुने झाड एकदम तोडले तर इतकी वर्षे सुकलेली माती पाणी घेऊन फुगेल आणि कोपरा उलट्या दिशेने उचलेल. फांद्या छाटून झाड मर्यादेत ठेवायचे, शोषखड्डा वीस फूट दूर न्यायचा, न्हाणीची फुटलेली पाइपलाइन बदलायची आणि घराच्या चारी बाजूंनी पाच फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उताराचा कोबा घालायचा, म्हणजे भिंतीखालची ओल वर्षभर सारखी राहील. हे झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि मगच भेग भरायची. स्लॅबला तोपर्यंत टेकू, आणि त्या खोलीत कोणी झोपायचे नाही. धाब्यावरची जादा माती उतरवायची, दोन मयालींची टोके कापून नवे लाकूड जोडायचे. स्लॅबच्या दुरुस्तीसह सगळे मिळून एक लाख पासष्ट हजारांत झाले. काम आमच्याच मिस्त्रींनी केले, अहवालाची पाने समोर ठेवून, आणि फार चांगले केले.

खर्च वाचला हे सांगण्यासाठी मी हे आकडे देत नाही. अहवालात "घर पाडा" असे आले असते तरी मी ते ऐकले असते, कारण तसे सांगण्यात त्या माणसाचा काही लाभ नव्हता आणि कारणे त्याने लिहून दिली होती. माझ्या मते तज्ज्ञ निवडताना शिक्षणाइतकेच महत्त्व या गोष्टीला द्यावे: जो पाहणार आहे त्याला त्यानंतरच्या कामातून काही मिळणार आहे का? मिळणार असेल तर तो कितीही भला असो, तपासणीसाठी दुसरा शोधावा. फी लागते म्हणून आपण मागे सरतो. बैलाला ताप आला तर आपण जनावरांच्या डॉक्टरांना पैसे देतो, बोअर खोदायच्या आधी पाणी पाहणाऱ्यालाही देतो. ज्या छताखाली लेकरे झोपतात त्यासाठी मात्र फुकटचा सल्ला गोळा करत फिरतो.

आता शासनाकडे आणि आपल्याकडे एक मागणी. महानगरपालिकांच्या हद्दीत ३० वर्षांवरील इमारतींची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि शहरांत अशा अभियंत्यांच्या याद्या मिळतात. गावात यादीही नाही आणि विचारायला जागाही नाही. पंचायत समितीत घरकुल योजनेसाठी ग्रामीण गृहनिर्माण अभियंते असतात, पण त्यांच्याकडे एकेकाला कितीतरी गावे असतात आणि त्यांची पाहणी हप्ता सोडण्यापुरती, बांधकाम कोठवर आले एवढी असते. १९८५ नंतर इंदिरा आवास योजनेत बांधलेली किती तरी घरे आज आमच्या भागात स्लॅब गळत, प्लास्टर सोडत उभी आहेत, आणि तेथे राहणाऱ्यांना नऊ हजार रुपये परवडणारे नाहीत. माझी विनंती आहे की प्रत्येक पंचायत समितीने पात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरांची यादी त्यांच्या शिक्षणासह व ठरवलेल्या फीसह आपल्या फलकावर लावावी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या घरांची फी ग्रामपंचायतीने भरावी. आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नागपूरची व्हीएनआयटी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली शासकीय तंत्रनिकेतने यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा, एकदा वैशाखात आणि एकदा दसऱ्यानंतर, गावांतली धोक्याची घरे पाहायला पाठवावे. भेगांची चित्रे काढणे, काचेच्या पट्ट्या लावणे, पाण्याचा आणि मातीचा नमुना घेणे हे त्या मुलांना जमण्यासारखे काम आहे. निष्कर्ष आणि सही मात्र प्राध्यापकांची किंवा परवानाधारक अभियंत्याचीच असावी.

अशा याद्या जाहीर झाल्या तर त्या आपण मृग लागण्याआधी तालुकावार छापाव्यात, ही आपणास विनंती. आपला अंक आमच्याकडे चावडीवर आणि पानटपरीवर मोठ्याने वाचला जातो, त्यामुळे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही तो पोहोचतो.

ईशान्य कोपऱ्यातली भेग भरल्यावर अभियंत्यांनी तेथे नवी काच लावून घेतली. तिच्याखाली तारीख लिहिलेली आहे. आई रोज दिवा लावताना त्या काचेकडे एकदा पाहते. ती अजून शाबूत आहे; यंदाच्या आषाढात काय होते ते आम्ही पाहणार आहोत, आणि काच तडकली तर त्यांना पुन्हा बोलावणार आहोत.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती